दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिथे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

अमेरिकेतल्या मराठी मंडळात गणपतीच्या दिवसांत एक प्रश्न हमखास कानावर येतो : 'मुलगा कुठे शिकतो?' उत्तरात बर्कलीचं नाव आलं की विचारणाऱ्याचा चेहरा उजळतो. 'कम्युनिटी कॉलेजात' असं उत्तर आलं की क्षणभर शांतता, आणि मग 'असू दे, असू दे, पुढे ट्रान्स्फर घेता येते' अशी समजूत काढली जाते. २०१३ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या अशाच एका कॉलेजात मी स्वतःचं नाव घातलं, तेव्हा माझी समजूत काढायलाही कुणी पुढे आलं नाही. दुपारचा वेळ जात नसेल, एवढाच अर्थ सगळ्यांनी काढला.

मला समाजकार्याची पदवी घ्यायची होती. साताऱ्यात बी.कॉम.ची दोन वर्षं झाली, तिसऱ्या वर्षाच्या आधी लग्न झालं आणि मी तिकडे गेले. पदवी अर्धीच राहिली. तिकडे विद्यापीठात थेट चार वर्षांसाठी जायचं तर फी परवडण्यासारखी नव्हती आणि धीरही होत नव्हता. म्हणून पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढायची आणि उरलेली दोन विद्यापीठात, हा रस्ता धरला. या रस्त्याबद्दल आपल्याकडे दोन टोकाचे समज आहेत. एक, ते कॉलेज म्हणजे नापासांचा कोंडवाडा. दुसरा, तिथे स्वस्तात दोन वर्षं काढली की पुढचं दार आपोआप उघडतं. मी दोन्ही समज जवळ बाळगून गेले होते.

आधी हे कॉलेज म्हणजे काय ते सांगते. शिकागोजवळच्या जोलिएट गावात १९०१ साली तिथल्या हायस्कूलमध्येच पुढच्या दोन वर्षांचे वर्ग सुरू झाले. विद्यार्थी होते सहा. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि त्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन या दोघांची ही कल्पना. पदवीची पहिली दोन वर्षं मुलांनी आपल्या गावात राहूनच करावीत आणि मग विद्यापीठात जावं, असा त्यांचा विचार होता. म्हणजे 'इथे दोन, तिथे दोन' ही सोय नंतर शोधलेली पळवाट नाही. या कॉलेजांचा जन्मच त्यासाठी झाला. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये उच्च शिक्षणाचा एक आराखडा केला. हायस्कूल झालेल्यांतल्या वरच्या आठव्या हिश्शाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशाला राज्य विद्यापीठ, आणि कम्युनिटी कॉलेज मात्र सगळ्यांना खुलं. प्रवेशपरीक्षा नाही, टक्केवारी नाही. हायस्कूल झालेलं असो वा नसो, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही शिकून काही फायदा होण्यासारखा असेल तर नाव घालता येतं.

फीचा हिशेब साधा आहे. तिथे अभ्यास युनिटांत मोजतात. आठवड्याला तीन तासांचा विषय म्हणजे साधारण तीन युनिट. राज्याच्या रहिवाशांना २०१२ पासून एका युनिटला ४६ डॉलर पडतात. दोन वर्षांची ६० युनिट म्हणजे २,७६० डॉलर. कमी उत्पन्नाच्या रहिवाशांना तीही माफ होतात. पुढे २०१७ मध्ये मी राज्य विद्यापीठात गेले, तेव्हा तिथली मूळ फी वर्षाला ५,७४२ डॉलर होती, आणि ती आता वाढली आहे. पण 'राज्याचे रहिवासी' हे शब्द नीट ऐका. भारतातून विद्यार्थी व्हिसावर थेट येणाऱ्याला याच कॉलेजात कितीतरी पट फी पडते. चाळीस-पन्नास डॉलरचा आकडा ऐकून इथून कुणी मुलाचं विमानाचं तिकीट काढू नये.

मी गेले तेव्हा वर्गाआधी इंग्रजी आणि गणिताची चाचणी असे. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं. चाचणीने मला कॉलेजच्या इंग्रजीच्या एक पायरी खाली बसवलं. त्या पायरीची युनिट पुढे पदवीत धरत नाहीत. म्हणजे एक सत्र शिकायचं, फी भरायची आणि हिशेबात शून्य. माझं एकच सत्र गेलं; माझ्या शेजारी बसणारी काही माणसं तीन-तीन सत्रं त्याच खालच्या पायऱ्यांवर होती आणि एक दिवस यायची बंद झाली. २०१७ मध्ये राज्याने कायदा केला आणि आता जवळजवळ सगळ्यांना पहिल्या वर्षीच कॉलेजच्या पातळीचं इंग्रजी-गणित घेता येतं. फार उशिरा झालं, पण झालं.

त्या वर्गाबद्दल मात्र मी तासभर बोलू शकेन. समाजकार्याची ओळख करून देणारा विषय संध्याकाळी सहा ते नऊ असायचा. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, तुरुंगातून सुटून दोन वर्षं झालेला एक माणूस, सैन्यातून परतलेली एक मुलगी, सरकारी अनुदानित घरात वाढलेली आणि आता स्वतः दोन मुलांची आई असलेली एक बाई, आणि कुंकू लावून बसलेली मी. बालसंरक्षणाचा धडा आला तेव्हा बाईंनी विचारलं, घरी तपासणीला येणाऱ्या कर्मचाऱ्याने पहिल्यांदा काय करावं? आम्ही पुस्तकातली उत्तरं दिली. ती दोन मुलांची आई म्हणाली, 'आधी बूट पुसावेत. लहानपणी आमच्याकडे जी यायची ती कधी पुसत नसे.' चार वर्षं थेट विद्यापीठात काढली असती तर हे वाक्य मला ऐकायला मिळालं असतं का, याची शंका वाटते. ज्यांच्यासाठी हा व्यवसाय आहे, तीच माणसं इथे बाकावर शेजारी असतात.

'व्यवसाय' हा शब्द मी मुद्दाम वापरला. सासूबाईंना फोनवर सांगितलं, मी सोशल वर्क शिकतेय, तर त्या म्हणाल्या, 'अगं, समाजसेवेला पदवी कशाला लागते? मनात असलं की झालं.' आपल्या भाषेत समाजसेवा आणि समाजकार्य यांची सरमिसळ होते. समाजसेवा कुणीही करावी. समाजकार्य हा मात्र शिकून, देखरेखीखाली उमेदवारी करून, पगार घेऊन करायचा व्यवसाय आहे. महाराष्ट्राला तो तसा नवा नाही. शिकागोहून आलेल्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२६ मध्ये मुंबईत नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केलं, आणि १९३६ मध्ये मुंबईतच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं, त्याचे ते पहिले संचालक झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. अमेरिकेत मला वर्गात शिकागोच्या वस्तीकार्याचा इतिहास शिकवला गेला तेव्हा त्याचं एक टोक नागपाड्यात आहे हे सांगायला मी हात वर केला होता.

आता मुख्य मुद्द्यावर येते, कारण माझी चूक इथेच झाली. अमेरिकेत समाजकार्याच्या पदवीला मान्यता देण्याचं काम 'कौन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन' ही १९५२ मध्ये स्थापन झालेली संस्था करते. ती बॅचलर आणि मास्टर्स या पदव्यांना मान्यता देते. दोन वर्षांच्या पदवीला देत नाही. म्हणजे कम्युनिटी कॉलेजात तुम्ही समाजकार्याची 'सुरुवात' करता. समाजकार्यकर्ता म्हणून तुमची घडण मोजायला सुरुवात होते ती विद्यापीठात. कॉलेजातल्या विषयांचे त्यामुळे दोन गठ्ठे पडतात. पहिल्यात मानसशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र, मानवी जीवशास्त्र, इंग्रजी, समाजकार्याची ओळख. हे सहसा पुढे चालतात. दुसऱ्यात 'ह्यूमन सर्व्हिसेस' नावाखालचे कामाचे विषय येतात : मुलाखत कशी घ्यावी, केसची नोंद कशी ठेवावी, व्यसनमुक्तीचं समुपदेशन. हे विषय उत्तम असतात, त्यांचं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर लगेच छोटी नोकरीही मिळू शकते. पण विद्यापीठातल्या समाजकार्याच्या विषयांच्या जागी ते बहुधा धरले जात नाहीत.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीवर विचारलं तर 'हो, सगळं ट्रान्स्फर होतं' असं उत्तर मिळालं. ते खोटंही नव्हतं. माझी नऊ युनिट विद्यापीठाने घेतली, पण 'ऐच्छिक' म्हणून. ऐच्छिक विषयांचा माझा कोटा आधीच भरलेला होता. म्हणजे युनिट कागदावर आली आणि उपयोगाला आली नाहीत. एका संस्थेत शंभरावर तास केलेलं क्षेत्रकार्यही विद्यापीठाच्या तासांत बसलं नाही, कारण ते तास विद्यापीठाच्याच देखरेखीखाली व्हावे लागतात. पूर्वीच्या नोकरीचा किंवा आयुष्यातल्या अनुभवाचा मोबदला म्हणून समाजकार्याचा विषय माफ करायचा नाही, असाही मान्यतेचा नियम आहे. नियम मला पटतो. तेव्हा मात्र रडू आलं होतं. युनिट 'घेणं' आणि युनिट 'पदवीत बसणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकायला मला एक वर्ष आणि चारशेहून अधिक डॉलर लागले.

ही माझ्या एकटीची गोष्ट नाही. अमेरिकन संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्या जीएओ या कार्यालयाने २०१७ मध्ये अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट नव्या ठिकाणी गळाली, असा त्यांचा अंदाज होता. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी फार मोठ्या संख्येच्या मनात चार वर्षांची पदवी असते. त्यातले साधारण एक तृतीयांश विद्यापीठापर्यंत पोचतात, आणि सहा वर्षांत पदवी हाती पडते ती सुरुवात केलेल्या शंभरातल्या सोळा जणांच्या. उरलेल्यांत हुशारी नव्हती असं मला वाटत नाही. मी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या शेजारी बसले आहे. कुणाची पाळी बदलली, कुणाची गाडी मोडली, आणि कुणाला तीन सत्रांनंतर कळलं की आपण घेतलेले विषय भलतेच होते.

मग करायचं काय? रस्ता शेवटाकडून वाचायचा. पदवी कुठून हवी ते आधी ठरवायचं, त्या विद्यापीठाच्या समाजकार्य विभागाची पूर्वअटींची यादी हातात घ्यायची आणि मगच कॉलेजात पहिला विषय निवडायचा. कॅलिफोर्नियात यासाठी 'असिस्ट' नावाचं राज्याचं अधिकृत संकेतस्थळ आहे. अमुक कॉलेजचा अमुक विषय तमुक विद्यापीठात कशाच्या जागी धरला जातो, ते त्यावर समोरासमोर दोन रकान्यांत लिहिलेलं असतं. मी पहिल्या दिवशी ते उघडलं असतं तर नऊ युनिट वाचली असती. सर्वसाधारण विषयांसाठी पूर्वी राज्य विद्यापीठाचा नमुना वेगळा होता. २०२५ च्या ऑगस्टपासून नव्या मुलांना दोन्ही विद्यापीठांसाठी 'कॅल-गेटसी' नावाचा एकच नमुना आहे.

शिवाय २०१० च्या एका कायद्याने 'ट्रान्स्फरसाठीची सहयोगी पदवी' सुरू झाली. ती पूर्ण केली की राज्य विद्यापीठात जागा नक्की, आणि त्याला जुळणाऱ्या पदवीसाठी तिथे आणखी ६० युनिटच करावी लागतात, जास्त नाही. मी शिकत होते तेव्हा समाजकार्यासाठी अशी पदवी नव्हती; मी समाजशास्त्रातली घेतली. आता 'समाजकार्य आणि ह्यूमन सर्व्हिसेस' या नावाची निघाली आहे. सगळ्या कॉलेजांत ती नसते, चौकशी करावी लागते.

पण 'जागा नक्की' याचाही अर्थ नीट समजून घ्यायला हवा. जागा राज्य विद्यापीठात नक्की असते. तुमच्या घराजवळच्या आवारात, तुम्हाला हव्या त्या विभागात नक्की नसते. जिथे अर्ज जास्त तिथे वेगळी चाळणी. बूट पुसण्याबद्दल बोललेल्या माझ्या त्या मैत्रिणीचे गुण माझ्याहून चांगले होते. तिला जागा देऊ केली ती गाडीने पाच तासांवरच्या गावात. दोन मुलं, रात्रीची नोकरी, आईचं आजारपण. तिने ते पत्र माझ्यासमोर चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलं आणि बसच्या रांगेत उभी राहिली. पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला आणि जवळची जागा मिळवली. वर्ष गेलं ते गेलंच. म्हणून मी आता सगळ्यांना सांगते, अर्ज एकाच ठिकाणी करू नका, आणि ज्यांना घर हलवता येत नाही त्यांनी जवळच्या विभागाची चाळणी काय आहे ते पहिल्याच वर्षी विचारा.

विद्यापीठात गेल्यावर दुसरा धक्का बसतो तो क्षेत्रकार्याचा. बॅचलरसाठी निदान ४०० तास एखाद्या संस्थेत काम करावं लागतं. आठवड्यातले दोन पूर्ण दिवस धरले तरी पंचवीस आठवडे. बहुतेक ठिकाणी हे काम दिवसा, कार्यालयाच्या वेळेत असतं आणि बहुधा बिनपगारी असतं. कॉलेजातले संध्याकाळचे वर्ग नोकरी सांभाळून जमतात. हे जमत नाही. आमच्या वर्गातल्या सुरक्षारक्षकाने त्यासाठी सहा महिने आधीपासून पैसे बाजूला टाकले होते. बोटांचे ठसे, क्षयाची तपासणी, पोलिसांकडची पडताळणी हे सगळं त्याच्या आधी. ज्याच्या नावावर जुना गुन्हा आहे त्याने हे विद्यापीठात आल्यावर नाही, कॉलेजात असतानाच विचारून ठेवलेलं बरं. आमच्यातल्या एकाने तसं विचारलं, म्हणून त्याला स्वीकारणारी संस्था शोधायला वेळ मिळाला.

माझं क्षेत्रकार्य ज्येष्ठांच्या एका दिवसकेंद्रात होतं. तिथे आपल्याकडच्या आजीही येत. नातवंडं सांभाळायला म्हणून आलेल्या, आता नातवंडं मोठी झालेली, घरात दिवसभर एकट्या. मला एकीला सरळ घरी न्यावं, गरम पोळी वाढावी असं वाटे. माझ्या पर्यवेक्षक बाईंनी मला थांबवलं. त्यांनी विचारलं, 'तू हे केंद्र सोडून गेल्यावर त्यांना कोण नेणार?' मग मी आजींना बसचा पास काढून दिला, कुठल्या थांब्यावर उतरायचं ते मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, दोनदा सोबत गेले आणि तिसऱ्यांदा गेले नाही. तिसऱ्या दिवशी त्या केंद्राच्या दारात दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

पुढचा एक फायदाही सांगायला हवा. मान्यताप्राप्त बॅचलर असेल तर अनेक विद्यापीठांत मास्टर्सची दोन वर्षं न करता साधारण एका वर्षात ती पूर्ण होते. मी तशी केली. रुग्णाला स्वतंत्रपणे मानसोपचार द्यायचे असतील तर त्यानंतरही कॅलिफोर्नियात देखरेखीखालचे ३,००० तास आणि परीक्षा आहेत. पण सगळ्यांना तिथवर जायची गरज नसते. बॅचलरवरही केस मॅनेजर म्हणून चांगलं काम मिळतं.

साताऱ्यातल्या त्या दोन वर्षांचं काय झालं, असं मला इथे नेहमी विचारतात. गुणपत्रिका एका मूल्यमापन संस्थेकडे पाठवल्या, त्यांनी विषयवार पाठ्यक्रम मागितला. वीस वर्षांपूर्वीचा पाठ्यक्रम! माझा धाकटा भाऊ चार वेळा कॉलेजात गेला. शेवटी ग्रंथालयातल्या एका शिपाईमामांनी माळ्यावरून गठ्ठा काढून दिला. त्यातून मोजके युनिट मिळाले, अर्थशास्त्राचा एक विषय सुटला. आपल्याकडे अर्धी राहिलेली पदवी म्हणजे फुकट गेलेली वर्षं असंच आजवर होतं. २०२१ पासून क्रेडिट जमा ठेवणारी 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आली आहे. इथल्या मुलींनी तिच्यात आपलं खातं उघडलेलं आहे की नाही ते बघावं, आणि प्रत्येक विषयाचा छापील पाठ्यक्रम एका फायलीत लावून ठेवावा. कुठल्या गावाला, किती वर्षांनी तो दाखवावा लागेल हे सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात फ्रीमाँटहून एका मुलीचा फोन आला. पुण्याची, एफ.वाय. झालेली, दोन वर्षांची मुलगी पदरात. म्हणाली, 'ताई, सोमवारपासून नावनोंदणी सुरू होतेय, कुठला विषय आधी घेऊ?' मी म्हटलं, सोमवारी काही घेऊ नकोस. आधी विद्यापीठाची यादी छापून घे आणि शनिवारी माझ्याकडे ये, मुलीलाही घेऊन ये. ती आली. आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन रकाने आखले, आणि तिच्या मुलीने दुसऱ्या रकान्यात मोठं पिवळं फूल काढलं.